ॲल्युमिनियममध्ये पावडर ढवळली, मग ताकद का घसरली?

ठाणे आणि नवी मुंबईतल्या इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला एक प्रोजेक्ट जवळजवळ दरवर्षी कुणीतरी घेतंच. ॲल्युमिनियम वितळवायचं, त्यात सिलिकॉन कार्बाइड या कठीण सिरॅमिकची पावडर ढवळायची, रस साच्यात ओतायचा आणि निघालेल्या दांड्यांची ताकद मोजायची. पावडरीचं प्रमाण वजनाने ०, ५, १० आणि १५ टक्के. कॉलेजात भट्टी नसली तर रबाळे, महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या फाउंड्रीत एखादा दिवस मागून घ्यायचा. शेवटी आलेख काढायचा, आणि तो आलेखही ठरल्यासारखा येतो. ५ टक्क्यांना ताकद वाढते, १० ला आणखी थोडी वाढते, १५ ला धपकन खाली येते. रिपोर्टात निष्कर्ष लिहिला जातो की १० टक्के हे सर्वोत्तम प्रमाण, त्यापुढे पावडर जास्त होते.

हा निष्कर्ष मला पटत नाही. एफ-१६ विमानाच्या शेपटीकडे पोटाखाली जे दोन पंख असतात, ते पुढे ज्या कंपोझिटचे, म्हणजे ॲल्युमिनियममध्ये असे कण मिसळलेल्या पदार्थाचे, बनवले गेले त्यात सिलिकॉन कार्बाइड आकारमानाने १७.५ टक्के असतं. बोइंग ७७७ च्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनात पंख्यामागे हवेला दिशा देणारी जी पाती असतात, त्यांच्यासाठीही हेच प्रमाण वापरलं गेलं. आता ही दोन्ही उदाहरणं पावडर दाबून बनवलेल्या मालाची आहेत, रसात ढवळलेल्या नव्हे, हे मान्य. पण ड्युराल्कन नावाने विकला गेलेला माल तर ढवळूनच बनवलेला होता, आणि त्यात २० टक्क्यांपर्यंत सिलिकॉन कार्बाइड असे. तेही आकारमानाने. आपल्या प्रोजेक्टातले वजनाचे १५ टक्के आकारमानात मोजले तर जेमतेम १३ भरतात. जगाला २० पेलतात आणि आपल्याला १३ जड होतात, तर दोष प्रमाणाचा नसावा. दोष बनवण्यात आहे, आणि तो नेमका कुठे शिरतो हे बघण्यासारखं आहे.

आधी हा खटाटोप कशासाठी ते थोडक्यात. ॲल्युमिनियमची घनता २.७, पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. पण त्याचा ताठपणाही, म्हणजे भाराखाली न वाकण्याचा गुणही, तितकाच कमी आहे: पोलादाचा २०० गिगापास्कल, ॲल्युमिनियमचा ७०. मिश्रधातू बदलून किंवा हीट ट्रीटमेंट करून ॲल्युमिनियमची ताकद कितीतरी पट वाढवता येते, ताठपणा मात्र हटवादीपणे ७० च्या आसपासच राहतो. तो हलवायचा तर आत दुसरं काहीतरी ताठ मिसळावं लागतं. सिलिकॉन कार्बाइडचा ताठपणा ४०० गिगापास्कलच्या वर आणि घनता फक्त ३.२. आकारमानाने २० टक्के नीट मिसळलं तर ताठपणा १०० च्या घरात जातो, वजन फारसं वाढत नाही, आणि झीज खूप कमी होते. म्हणूनच १९९६ साली आलेल्या लोटस एलिस या स्पोर्ट्स कारच्या सुरुवातीच्या गाड्यांना या जातीच्या कंपोझिटच्या ब्रेक डिस्क होत्या. बदल्यात लवचिकपणा जातो. साधा मिश्रधातू तुटण्याआधी जितका ताणला जातो, त्याच्या काही अंशच कंपोझिट ताणला जातो.

आयआयटी कानपूरमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीला एस. रे यांनी वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये ॲल्युमिनाचे, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, कण ढवळून दाखवले, आणि आज ज्याला स्टर कास्टिंग म्हणतात त्या पद्धतीचा इतिहास सांगताना पहिला उल्लेख बहुधा त्यांचाच होतो. त्याच्या थोडं आधी प्रदीप रोहतगी यांनी अमेरिकेत निकेलचा मुलामा दिलेलं ग्रॅफाइट ॲल्युमिनियममध्ये मिसळण्याचं काम केलं होतं. ते पुढे भारतात येऊन तिरुवनंतपुरम आणि भोपाळच्या सीएसआयआर प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. थोडक्यात, ही पद्धत आपल्याकडची आहे, स्वस्त आहे, आणि एक मूस, एक मोटर आणि एक पंखा एवढ्यावर होते. स्वस्त आहे म्हणूनच ती सोपी वाटते.

पिशवीवरचा आकडा

पहिला घोळ भट्टी पेटायच्या आधीच होतो. सिलिकॉन कार्बाइड आपल्याकडे मिळतं ते घासकामाचा माल म्हणून, आणि पिशवीवर ‘४००’ लिहिलेलं असतं. हे ४०० कुठलं? चाळणीचं ४०० मेश असेल तर भोक ३७-३८ मायक्रॉनचं. ग्रिटचं एफ-४०० असेल तर कणाचा सरासरी आकार १७ मायक्रॉनच्या आसपास. दोन्ही दुकानदार ‘चारशे’ म्हणूनच देतात. कण दुपटीहून मोठा निघाला तर काय होतं ते पुढे येईलच. तूर्तास इतकंच की पावडर मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय कणाचा आकार रिपोर्टात लिहू नये.

दुसरी गोष्ट ओलावा. पावडर जितकी बारीक, तितका तिचा एकूण पृष्ठभाग मोठा, आणि त्या सगळ्या पृष्ठभागावर हवेतली वाफ चिकटलेली असते. जुलैत खाडीकाठच्या या पट्ट्यात आर्द्रता ८०-९० टक्क्यांच्या घरात असते, तेव्हा उघड्या पिशवीतली पावडर हाताला कोरडी लागली तरी कोरडी नसते. ती तशीच रसात टाकली तर वाफेतला हायड्रोजन ॲल्युमिनियममध्ये मुरतो. फार ओली असेल तर रस उडतो, आणि उडालेलं ॲल्युमिनियम कातडीला चिकटून बसतं. म्हणून पावडर आधी तापवतात. इथे एक गैरसमज फार पसरलाय. बहुतेक रिपोर्टांत ‘पावडर ३०० अंशांना तापवून घेतली’ असं वाक्य असतं, आणि त्याने पावडर रसात मिसळायला तयार झाली असं मानलं जातं. ३०० अंशांना ती फक्त वाळते. मिसळायला मदत व्हायची तर ती हवेत १००० ते ११०० अंशांना दोनेक तास ठेवावी लागते. मग प्रत्येक कणावर सिलिकाचा पातळ थर चढतो. हा थर दोन कामं करतो. रसातल्या मॅग्नेशियमशी त्याची प्रक्रिया होऊन कण धातूला धरतो, आणि खालचं कार्बाइड काही काळ रसापासून झाकलेलं राहतं. वाळवणं आणि थर चढवणं ही दोन वेगळी कामं आहेत, वेगळ्या तापमानांची.

रस कणाला धरत का नाही

अळवावरचं पाणी आपण पाहिलेलं असतं: थेंब पानावर पसरत नाही, गोल होऊन घरंगळतो. ७००-७५० अंशांना वितळलेलं ॲल्युमिनियम सिलिकॉन कार्बाइडच्या कणावर असंच वागतं. शास्त्रात याला संपर्ककोन, म्हणजे थेंबाच्या कडेने पृष्ठभागाशी केलेला कोन, ९० अंशांहून जास्त असणं म्हणतात. कण रसापेक्षा जड असूनही बुडत नाहीत, वरच राखाडी थर होऊन तरंगतात, आणि ओतण्याआधी झाऱ्याने मळी काढली की मळीबरोबर बाहेर जातात. मोजून घेतलेल्या १५ टक्क्यांतले किती आत गेले आणि किती मळीत गेले, हा हिशेब बहुधा कुणी ठेवत नाही. मळी तोलून पाहिली तर अंदाज येतो.

रस कणाला धरत नाही याचं मोठं कारण खुद्द ॲल्युमिनियमची कातडी. हवा लागली रे लागली की रसावर ऑक्साइडचा पापुद्रा येतो. कण आणि धातू यांच्यामध्ये तो पापुद्रा असतो, त्यामुळे दोघांची खरी गाठच पडत नाही. यावर जुना आणि चांगला इलाज म्हणजे सुमारे १ टक्का मॅग्नेशियम. ते ऑक्सिजन स्वतःकडे ओढतं, पापुद्रा फोडतं, रसाचा पृष्ठताण कमी करतं. पण मॅग्नेशियम हलकं असतं आणि पेट घेतं. वरून टाकलं तर पांढरा धूर होऊन निम्मं उडून जातं. म्हणून त्याचे तुकडे ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून, कोरड्या तापवलेल्या चिमट्याने रसाच्या पोटात नेऊन सोडतात. फार मॅग्नेशियम घातलं तर रस दाट होतो आणि कण पसरत नाहीत.

दुसरा इलाज तापमान वाढवण्याचा. तापमान वाढलं की कोन कमी होतो, रस कणाला धरू लागतो, पावडर भराभर आत जाते. ढवळणाऱ्याला वाटतं काम फत्ते झालं. खरी फसगत इथेच आहे.

कारण धरण्यापुढची पायरी खाण्याची. ॲल्युमिनियम सिलिकॉन कार्बाइडला खायला लागतं: कार्बन घेऊन ॲल्युमिनियम कार्बाइड तयार करतं आणि सिलिकॉन रसात सोडतं. ॲल्युमिनियम कार्बाइड ठिसूळ असतं, कणाच्या कडेने वाढतं, आणि ज्या सांध्याने भार कणापर्यंत न्यायचा तोच सांधा कमजोर करतं. त्यात भर म्हणजे पाणी लागलं की ते टिकत नाही, मिथेन वायू सोडून हायड्रॉक्साइड होतं. दमट हवेत राहिलेल्या नमुन्यावर खड्डे पडतात. एवढंच कशाला, नमुन्यावर पाण्याची धार धरून पॉलिश केलं तर ते कार्बाइड पॉलिश करतानाच वाहून जातं, आणि मायक्रोस्कोपखाली दिसतात फक्त कणांभोवतीच्या काळ्या फटी. बघणारा लिहितो, ‘कण नीट बसले नाहीत.’

ही प्रक्रिया रोखायचा साधा उपाय म्हणजे रसात आधीच भरपूर सिलिकॉन असणं. प्रक्रियेतून सिलिकॉन बाहेर पडतं. ते बाहेर आधीच पुरेसं असेल तर प्रक्रिया पुढे सरकत नाही. ए३५६ या ओतकामाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूमध्ये ७ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतं, ए३५९ मध्ये ९ च्या आसपास. ड्युराल्कनचा ओतकामाचा माल ए३५९ वर आधारलेला होता तो याचसाठी. आणि आपल्या प्रोजेक्टांत काय असतं? बहुतेक वेळा ६०६१ हा मिश्रधातू. कारण त्याची दांडी बाजारात कुठेही मिळते. ६०६१ मध्ये सिलिकॉन १ टक्क्याहूनही कमी. त्यात सिलिकॉन कार्बाइड घालून ७५० अंशांना वीस मिनिटं ढवळणं म्हणजे ॲल्युमिनियम कार्बाइडची शेती करणंच. ६०६१ च वापरायचं असेल तर कण ॲल्युमिनाचे घ्यावेत. तेही थोडं मॅग्नेशियम खातात, पण तो तोटा परवडतो. ए३५६ घेतलं तरी तापमान वाटेल तितकं वाढवून चालत नाही, कारण तापमान जितकं जास्त, तितकं प्रक्रिया थोपवायला सिलिकॉन जास्त लागतं.

आलेखाच्या खालच्या रेघेवर खरं काय मोजलंय

आता ढवळण्याकडे येऊ, कारण पंधरा टक्क्यांचं कोडं मला वाटतं इथेच सुटतं.

समजा एक किलो ए३५६ आहे. वजनाने ५ टक्के कंपोझिट करायचं तर साधारण ५३ ग्रॅम पावडर लागते, १० टक्क्यांना १११ ग्रॅम, १५ टक्क्यांना १७६ ग्रॅम. पावडर एकदम ओतता येत नाही, गुठळ्या होतात. भोवऱ्यात हळूहळू सोडावी लागते, मिनिटाला १० ग्रॅम धरू. मग पहिल्या ओतणीला ढवळणं झालं पाच-साडेपाच मिनिटं, दुसऱ्या ओतणीला अकरा, आणि तिसऱ्या ओतणीला जवळजवळ अठरा. आणि शून्य टक्केवाला नमुना? तो बहुधा ढवळलेलाच नसतो. वितळवला, मळी काढली, ओतला.

म्हणजे आलेखाच्या आडव्या रेघेवर लिहिलंय ‘पावडर टक्के’, पण तिच्यासोबत मिनिटंही वाढत गेलीत: शून्य, पाच, अकरा, अठरा. ढवळण्याच्या प्रत्येक मिनिटाला भोवरा पावडरीबरोबर हवाही आत ओढतो. ऑक्साइडचा पापुद्रा फाटून आत जातो आणि नवा तयार होतो. मॅग्नेशियम जळत राहतं. ॲल्युमिनियम कार्बाइड वाढत राहतं. स्टरर साध्या लोखंडाचा असेल तर तो ॲल्युमिनियममध्ये विरघळत राहतो आणि रस गोठताना लोखंडाच्या संयुगांच्या ठिसूळ सुया तयार होतात. त्याला लेप दिलेला असेल तर सिलिकॉन कार्बाइडचे कण तो लेप खरवडून काढतात. वेळ सगळ्यांना सारखा ठेवायचा म्हणून पंधरा टक्क्यांची पावडर पाच मिनिटांत ढकलली, तर गुठळ्या. दोन्हीकडून १५ टक्केवाला नमुनाच मार खातो, आणि नाव पावडरीचं होतं.

यावर करण्यासारखी गोष्ट अवघड नाही. शून्य टक्केवाला रसही अठरा मिनिटं तसाच, त्याच वेगाने ढवळायचा. पाच आणि दहावाल्यांनाही उरलेला वेळ ढवळून अठरापर्यंत न्यायचं. मग जो फरक दिसेल त्यातला बराचसा खरंच पावडरीचा असेल. मी हे सुचवलं की पहिला प्रश्न येतो, ‘पण सर, शून्यवाल्यात ढवळायचं काय?’ काहीच नाही, नुसतं ढवळायचं.

ढवळण्याच्या वेगाचे आकडे साधारण मिनिटाला ३०० ते ६०० फेरे असे वाचायला मिळतात, आणि स्टररचा पंखा रसाच्या वरच्या पातळीपासून सुमारे दोन तृतीयांश खोलीवर. हे आकडे पाठ करून उपयोग नाही, कारण मुशीचा व्यास आणि पंख्याचा आकार बदलला की सगळं बदलतं. बघायचं ते भोवऱ्याकडे. तो उथळ आणि शांत हवा. भोवऱ्याचं टोक पंख्यापर्यंत पोचलं आणि रस गुरगुरायला लागला, की हवा आत चालली आहे. मोठ्या कारखान्यांनी हे निर्वातात ढवळून सोडवलं. छोट्या फाउंड्रीला ते परवडत नाही. तिथे निदान आर्गॉनची नळी रसाच्या तोंडावर धरता येते. आणखी एक वाट आहे: रस पूर्ण वितळलेला न ठेवता अर्धवट गोठलेल्या अवस्थेत, ए३५६ साठी साधारण ६०० अंशांच्या आसपास, ढवळायचा. त्या दाट लगद्यात कण वर येऊ शकत नाहीत, घन दाण्यांमध्ये अडकून राहतात, आणि तापमान कमी असल्याने कार्बाइडही कमी बनतं. नंतर पुन्हा तापवून, थोडं ढवळून ओतायचं.

हायड्रोजनचा हिशेबही इथेच मांडायला हवा. वितळबिंदूला, म्हणजे ६६० अंशांना, १०० ग्रॅम द्रव ॲल्युमिनियम सुमारे ०.७ घन सेंटिमीटर हायड्रोजन विरघळवू शकतं. त्याच तापमानाला घन झालेलं ॲल्युमिनियम जेमतेम ०.०४. रस गोठताना जवळजवळ सगळा वायू बाहेर ढकलला जातो, आणि वाट मिळाली नाही तर आतच भोकं करून बसतो. ७५० अंशांना रसाची हायड्रोजन मुरवण्याची क्षमता ६६० च्या पावणेदोनपटीच्या आसपास जाते. पावसाळ्यात हा वायू हवेतून, पावडरीतून, भट्टीच्या विटांतून, ओल्या झाऱ्यातून, सगळीकडून येतो. मे महिन्यात चांगली निघालेली कास्टिंग जुलैत भोकांची निघते, हे वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही जुन्या ओतारीला सांगावं लागत नाही.

साध्या रसाला डिगॅसिंगची गोळी टाकून किंवा वायूचे बुडबुडे सोडून हायड्रोजन काढता येतो. कंपोझिटमध्ये ही सोय निम्मीच उरते. गोळीतून निघणारे क्लोरीनचे बुडबुडे कणांना धातूपासून सोडवतात आणि वर घेऊन येतात. वायू गेला, पावडरही गेली. त्यामुळे डिगॅसिंग पावडर टाकण्याआधी करायचं आणि नंतर हायड्रोजन आत येऊच न देण्याची काळजी घ्यायची.

ओतण्याआधीची तीन मिनिटं

स्टरर बंद केला की कण खाली बसायला लागतात. किती वेगाने? स्टोक्सच्या सूत्राने काढता येतं. वितळलेल्या ॲल्युमिनियमची घनता साधारण २.४, कणाची ३.२, रसाची चिकटी पाण्याहून किंचित जास्त. एकटा १७ मायक्रॉनचा कण मिनिटाला साधारण साडेसहा मिलिमीटर खाली जातो. ३८ मायक्रॉनचा कण मिनिटाला ३२ मिलिमीटर. व्यास सव्वादोनपट, वेग पाचपट. वेग व्यासाच्या वर्गाने वाढतो म्हणून. पिशवीवरचं ‘४००’ कुठलं हे विचारायचं ते यासाठी. दाट मिश्रणात कण एकमेकांना अडवतात, त्यामुळे आपल्या १३ टक्क्यांना प्रत्यक्ष वेग निम्म्याच्या आसपास राहतो. तरीही स्टरर उचलला, मळी काढली, साचा पुसला, कुणीतरी फोटो काढला, यात तीन मिनिटं गेली तर मोठे कण चार-पाच सेंटिमीटर उतरलेले असतात. मूस पंधरा सेंटिमीटर खोल असेल तर हे थोडंथोडकं नाही. गुठळी झालेली असेल तर ती याहून वेगाने तळ गाठते.

एका मुशीतून तीन दांड्या ओततात. पहिलीत वरचा रस, कण कमी. तिसरीत तळाचा, कण जास्त. तिघींची ताकद मोजून सरासरी काढतात आणि ‘१५ टक्के’ म्हणून आलेखावर एक ठिपका देतात. त्या ठिपक्यात कदाचित १०, १४ आणि २० टक्के दडलेले असतात. शेवटच्या क्षणापर्यंत हलक्या हाताने ढवळत राहायचं आणि कुठली दांडी कितवी ओतली ते तिच्यावर कोरून ठेवायचं, एवढं केलं तरी पुष्कळ.

साच्यात गेल्यावरही कण जागचे हलतातच. ॲल्युमिनियम गोठताना फांद्या फुटलेल्या झाडासारखे स्फटिक वाढतात, आणि वाढणारी फांदी कणाला गिळत नाही, पुढे ढकलते. शेवटी सगळे कण फांद्यांमधल्या शेवटी गोठणाऱ्या गल्ल्यांत जमा होतात. वाळूच्या साच्यात रस सावकाश गोठतो, फांद्या जाड, गल्ल्या लांब लांब, आणि कण तिथे घोळक्याने. लोखंडी साच्यात, म्हणजे डायमध्ये, तोच रस लवकर गोठतो, फांद्या बारीक होतात, गल्ल्या जवळजवळ येतात आणि कण जास्त समान पसरलेले दिसतात. म्हणजे एकाच मुशीतला रस दोन साच्यांत ओतला तर दोन वेगळे पदार्थ मिळतात. गोठताना वरून ७० ते १०० मेगापास्कल दाब दिला, म्हणजे स्क्वीझ कास्टिंग केलं, तर डायला रस घट्ट चिकटून आणखी लवकर गोठतो आणि भोकंही दबून जातात.

हीट ट्रीटमेंटचा मुद्दा लहान आहे पण नेमका निसटतो. ॲल्युमिनियम तापल्यावर सिलिकॉन कार्बाइडच्या पाच-सहापट प्रसरण पावतं. सोल्यूशन ट्रीटमेंटनंतर, म्हणजे मिश्रणातले घटक धातूत विरघळेपर्यंत तापवल्यानंतर, पाण्यात थंड केल्यावर दोघं वेगवेगळे आकसतात आणि कणाभोवतीच्या धातूत असंख्य दोषरेषा तयार होतात. पुढे ओव्हनमध्ये ठेवल्यावर ताकद देणारे बारीक अवक्षेप, म्हणजे धातूतून वेगळे होणारे सूक्ष्म कण, या रेषांवर लवकर उगवतात, म्हणून कंपोझिट साध्या मिश्रधातूपेक्षा लवकर एज होतो, म्हणजे ताकदीच्या शिखरावर लवकर पोचतो. चारही नमुने ओव्हनमध्ये सारखेच तास ठेवले तर साधा मिश्रधातू शिखरावर असताना १५ टक्केवाला शिखर ओलांडून उतरणीला लागलेला असू शकतो. आलेख घसरायला हेही एक कारण पुरतं.

पावडर दाबून बनवण्याच्या मार्गाला वेगळा लेख लागेल; तिथे रसच नसल्याने कार्बाइडचा आणि तळ गाठण्याचा प्रश्न जवळजवळ मिटतो, पण ॲल्युमिनियमच्या प्रत्येक दाण्यावरचा ऑक्साइड फोडायला एक्स्ट्रूजनसारखं, म्हणजे साच्याच्या भोकातून दाबून काढण्यासारखं, जोरकस काम करावं लागतं आणि खर्च चढतो. आणि ६०-७० टक्के कण हवे असतील तर ढवळणं सोडूनच द्यावं लागतं. रेल्वे आणि मेट्रोच्या इन्व्हर्टरमध्ये आयजीबीटी मॉड्यूलखाली, म्हणजे मोठा विद्युतप्रवाह चालू-बंद करणाऱ्या भागाखाली, ज्या पाट्या बसवतात, त्यांत कणांचा सच्छिद्र ठोकळा आधी बनवतात आणि मग त्यात ॲल्युमिनियम शिरवतात. तांब्यापेक्षा निम्म्याहून कमी प्रसरण पावणारी ही पाटी वरच्या सिरॅमिकला तडा जाऊ देत नाही.

परत आपल्या दांड्यांकडे. त्या लेथवर चढवायच्या आधी टर्नरला आत काय आहे ते सांगा. लेथच्या हत्याराचं साधं टंगस्टन कार्बाइडचं टोक पहिल्या दोन पासातच बोथट होतं, आणि हिऱ्याचं टूल सगळ्यांकडे नसतं. आणि ताणून तोडायच्या आधी प्रत्येक दांडीचा एक तुकडा पाण्यात तोला. ए३५६ ची घनता २.६८ धरली तर वजनाने १५ टक्के सिलिकॉन कार्बाइड असलेल्या भरीव कंपोझिटची घनता २.७५ यायला हवी. ५५ ग्रॅमचा तुकडा दोऱ्याने पाण्यात बुडवला की त्याचं वजन २० ग्रॅमने कमी भरायला हवं. २१ ग्रॅमने कमी भरलं तर घनता २.६२, म्हणजे आत सुमारे ५ टक्के पोकळी. एका ग्रॅमचा फरक, आणि ताकद का घसरली याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं. २०.५ आलं तर मात्र पंचाईत आहे. घनता येते २.६८, अगदी साध्या मिश्रधातूइतकी. पावडर पूर्ण आत असून अडीचेक टक्के पोकळी असेल तरी हाच आकडा येतो, आणि सगळी पावडर मळीत जाऊन नुसतं भरीव ए३५६ हातात उरलं असेल तरीही हाच. तो तुकडा कापून मायक्रोस्कोपखाली धरल्याशिवाय दोन्हींतलं कुठलं ते कळत नाही.